हुकलेल्या वाघांचं स्टेशन

सफारीचे पैसे भरले, पहाटे चारला उठलो, अंगभर धूळ खाल्ली आणि वाघ दिसलाच नाही! तुमचंही असंच झालंय? मग भंडारा जिल्ह्यातल्या वरठीला एकदा उतरा. ‘न दिसणं’ या गोष्टीचे इथे बरेच अर्थ कळतात.

जंगलातून परत आलेल्या माणसाला ऑफिसमध्ये पहिला प्रश्न काय विचारतात, तर ‘वाघ दिसला?’ उत्तर ‘हो’ असेल तर तुम्ही हीरो. कॉफी मशीनपाशी घोळका जमतो, फोटो हातोहात फिरतात, बॉससुद्धा दोन मिनिटं थांबून बघतो. उत्तर ‘नाही’ असेल तर समोरचा असा चेहरा करतो, की जणू तुमचं इन्क्रीमेंटच हुकलंय. मग आपण सारवासारव सुरू करतो. ‘अरे, पाच मिनिटांनी हुकला. आमच्या पुढच्या जिप्सीला दिसला!’

हा ‘पुढच्या जिप्सीला दिसलेला वाघ’ महाराष्ट्रातला सगळ्यात कॉमन वाघ असावा. माझ्या ओळखीत एकही माणूस असा नाही, ज्याला तो भेटलेला नाही. एका मैत्रिणीने ताडोबाच्या चार सफाऱ्या केल्या आणि चारही वेळा तिला मोराची पिसं आणि वाघाची विष्ठा एवढंच दिसलं. एका मित्राने बिबट्यासाठी अख्खी रात्र मचाणावर काढली. बिबट्या मात्र त्याच रात्री तो ज्या गेस्ट हाउसमध्ये उतरला होता, त्याच्या अंगणातून फिरून गेला. प्रत्येकाकडे अशी एक यादी असते. बघायचं होतं, राहून गेलं.

ही यादी घेऊन जायला वरठीसारखं ठिकाण नाही. का, ते सांगते.

नाव भंडाऱ्याचं, जमीन वरठीची

वरठी हे नाव कदाचित तुम्ही ऐकलं नसेल. पण मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेसने किंवा कोल्हापूर-पुण्याकडून महाराष्ट्र एक्स्प्रेसने कधी गोंदियापर्यंत गेला असाल, तर तुम्ही वरठीला थांबून आलेले आहात. स्टेशनच्या पाटीवर नाव आहे ‘भंडारा रोड’. मुंबई-नागपूर-हावडा लाइन भंडारा शहराला बाजूला ठेवून गेली. शहर इथून दहा-बारा किलोमीटरवर. त्यामुळे पाटी भंडाऱ्याची आणि फलाट वरठीचा, असा मामला आहे.

मोहाडी तालुक्यातलं हे गाव. एका अंगाला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना, त्याच्या शिफ्टच्या वेळा आणि त्या वेळांवर चालणाऱ्या टपऱ्या. दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या. मार्चअखेरीस मी गेले तेव्हा उन्हाळी धान हिरवंगार उभं होतं आणि त्यामागे कारखान्याची धुरांडी. इथे उतरून सगळे पुढे निघून जातात. भंडाऱ्याला जाणारे भंडाऱ्याला, कामगार कारखान्यात आणि कॅमेऱ्याच्या मोठाल्या बॅगा घेतलेले आपल्यासारखे लोक जंगलात.

नकाशा उघडून बघा. वरठीवर बोट ठेवा. पूर्वेला वैनगंगेपलीकडे कोका, त्याला लागून नागझिरा आणि न्यू नागझिरा. आग्नेयेला नवेगाव. दक्षिणेला पवनी तालुक्याच्या बाजूने उमरेड-पवनी-करांडला. वायव्येला पेंच. वाघांच्या इतक्या घरांच्या मधोमध असलेलं, रिझर्व्हेशन मिळणारं असं स्टेशन शोधायला गेलात तर दुसरं पटकन सापडणार नाही.

स्टेशनबाहेर तर्री-पोह्याची प्लेट हातात देताना टपरीवरच्या मावशींनी माझी बॅग, माझी खाकी टोपी आणि माझे नवेकोरे बूट एकदा नीट न्याहाळले.

“वाघ पाहाले आल्या का जी?”

म्हटलं, हो.

“तो काही दिसत नाही जी. आपल्याले पाहाले तोच येते.”

मला तेव्हा हसू आलं. दोन दिवसांनी लक्षात आलं, की मावशींनी अख्खा विषय एका वाक्यात संपवला होता.

कोका : पंजा आहे, वाघ नाही

वरठीहून भंडारा, मग कारध्याच्या पुलावरून वैनगंगा ओलांडून कोका. भंडाऱ्यापासून अंतर वीसेक किलोमीटर. कोक्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला २०१३ साली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नवेगाव, नागझिरा, न्यू नागझिरा आणि कोका ही जंगलं एकत्र करून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. यातलं नागझिरा अभयारण्य १९७० चं आणि नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ चं. म्हणजे जंगल जुनं, बोर्ड नवा.

पहाटेच्या जिप्सीत आम्ही पाच जण. नागपूरचं एक जोडपं, त्यांचा शाळकरी मुलगा, मी आणि जवळच्याच गावचा एक पंचविशीतला गाइड. मुलाच्या हातात वही होती आणि वहीत पेन्सिलने केलेली यादी : वाघ, बिबट्या, अस्वल, रानकुत्रे, गवा. शेजारी टिक करायला चौकोन. आपण मोठे झाल्यावर चौकोन काढायचं सोडतो, यादी काही सोडत नाही.

अर्ध्या तासात गाइडने गाडी थांबवायला सांगितली. मातीवर पंजा. आदल्या संध्याकाळच्या टायरच्या खुणेवर उमटलेला, म्हणजे रात्रीचा. टाचेच्या गादीच्या कडा अजून ढासळलेल्या नव्हत्या. गाइड खाली न उतरता नुसता वाकून म्हणाला, “नर आहे. तिकडे गेला.” आम्ही सगळ्यांनी ‘तिकडे’ बघितलं. तिकडे ऐन, धावडा, तेंदू आणि बांबू.

मग वानराचा खोकल्यासारखा आवाज आला. मागोमाग चितळाची शिट्टी. गाइडने बोट ओठावर ठेवलं. इंजिन बंद. कुणी श्वास घेईना. वीस मिनिटं. पंचवीस मिनिटं. वानर गप्प झालं, चितळं चरायला लागली आणि गाइडने हळूच सांगितलं, “गेला जी.”

तो होता. आम्ही होतो. मधे फार तर शंभरेक मीटर झाडोरा. भेट झाली नाही.

हुकतो तरी का?

थोडं गणित करू. ताडोबात वाघ जास्त, रस्ते जास्त, पाणवठे रस्त्यालगत, त्यामुळे दिसण्याचे चान्सेसही जास्त. कोका-नागझिऱ्यात वाघ त्या मानाने खूपच कमी. वाघाचा दिवस आपल्या उलटा चालतो. दुपारभर सावलीत किंवा पाण्यात पडून राहायचं आणि अंधार पडला की निघायचं. एका रात्रीत दहा-वीस किलोमीटरची चाल त्याला सहज जमते. आपली जिप्सी सकाळी चार तास आणि दुपारी चार तास, तीही ठरलेल्या रस्त्यांवरून फिरते. त्यात इथलं जंगल मिश्र, दाट. पिवळं गवत आणि बांबूच्या सावल्या यांच्यात ते पट्टे असे काही मिसळतात, की दहा फुटांवर बसलेला वाघसुद्धा शेपूट हलवेपर्यंत कळत नाही. थोडक्यात, वाघ हुकणं हा नियम आणि दिसणं हा अपवाद. आपण जाहिराती बघून उलटं समजून बसलोय.

वाघ कमी आहेत हे वन विभागालाही माहीत आहे. ब्रह्मपुरीकडे वाघांना जागा पुरत नाही आणि इथे जागा आहे पण वाघिणी कमी, असा तो तिढा. म्हणून मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी भागातल्या दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. २०२४ मध्ये तिसरी आणली. देशात २०२२ च्या गणनेत वाघांचा सरासरी अंदाज ३,६८२ चा आला, त्यात महाराष्ट्राचे ४४४. पण हे आकडे सगळीकडे सारखे वाटलेले नाहीत. एकीकडे हाउसफुल्ल आणि दुसरीकडे खुर्च्या रिकाम्या.

त्या सकाळी आम्हाला काय दिसलं? गव्यांचा कळप, अंगावर राखाडी धूळ घेऊन उभा. नीलगाय. पळसावर मैनांचा बाजार. आणि झाडाच्या बुंध्यावर अस्वलाने चढताना काढलेले ओरखडे. अस्वल अर्थातच नव्हतं. रानकुत्र्यांचंही तेच. नागझिरा रानकुत्र्यांसाठी नावाजलेलं. टोळीने शिकार करणारे, तांबूस रंगाचे, झुपकेदार काळ्या शेपटीचे. त्यांनी खाऊन सोडलेली चितळाची शिंगं आणि हाडं रस्त्याकडेला होती. टोळी पुढे निघून गेली होती.

मुलाने वहीत गव्यासमोर टिक केलं. मग थोडा वेळ विचार करून ‘वाघ’च्या चौकोनात अर्धी टिक केली. आई म्हणाली, “अर्धी कशी?” तो म्हणाला, “पाय दिसला ना!”

मला ही पद्धत एकदम पटली. तशी ती जुनीही आहे. मराठी वाचकाला हे जंगल पुस्तकांतून आधीच माहीत झालेलं असतं. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’ नावाचं पुस्तकच लिहिलं. किरण पुरंदरे चारशे दिवस नागझिऱ्यात राहिले आणि त्यातून ‘सखा नागझिरा’ आलं. मारुती चितमपल्ली वन खात्याच्या नोकरीत कित्येक वर्षं नवेगावात होते. १८ जून २०२५ रोजी ते गेले तेव्हा कितीतरी घरांतल्या कपाटातून ‘नवेगावबांधचे दिवस’ पुन्हा बाहेर निघालं असेल. ही सगळी मंडळी खुणा, आवाज, वास, पिसं यांच्यावर पानंच्या पानं लिहीत आली. चार तासांचं पॅकेज घेतलेल्या आपल्याला तेवढा धीर कुठला!

जय : हुकलेला आणि हरवलेला

आता त्या वाघाबद्दल, ज्याचं नाव इथे कुणीही काढल्याशिवाय राहत नाही.

जय. जन्म नागझिऱ्याचा. भावाचं नाव वीरू. हो, ‘शोले’वरूनच. २०१३ च्या सुमारास हा तरुण नर स्वतःची जागा शोधायला घराबाहेर पडला आणि शंभराहून जास्त किलोमीटर चालून उमरेड-करांडल्याला पोचला. उमरेड-करांडला तेव्हा अगदी नवं अभयारण्य, २०१२ साली जाहीर झालेलं, जेमतेम १८९ चौरस किलोमीटरचं. अंगावरच्या पट्ट्यांवरून ओळख पटली, की हा आपला नागझिऱ्याचा.

हा रस्ता जरा डोळ्यांसमोर आणा. नागझिरा वैनगंगेच्या पूर्वेला, करांडला पश्चिमेला. म्हणजे नदी ओलांडली. नागझिरा नागपूर-रायपूर हायवेच्या उत्तरेला, करांडला दक्षिणेला. म्हणजे ट्रकच्या रांगांतून वाट काढून हायवेही ओलांडला. मधे धानाच्या बांध्या, गावं, कालवे, विजेचे खांब. हे सगळं त्याने रात्रीच्या अंधारात केलं आणि कुणाच्या नजरेस पडला नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर जय या प्रवासभर सगळ्यांचा हुकला. म्हणूनच तो सुखरूप पोचला!

पुढचं तुम्हाला आठवत असेल. भलाथोरला देह, अंदाजे अडीचशे किलो वजन, गाड्यांना न बुजणारा स्वभाव. जयला बघायला मुंबई-पुण्याहून लोक यायला लागले. नकाशावर नसलेलं जंगल वीकेंड डेस्टिनेशन झालं. आजूबाजूच्या गावांतल्या पोरांना जिप्सी आणि गाइडची कामं मिळाली. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसली, म्हणजे आता तो हुकायचा प्रश्नच उरला नाही, असं सगळ्यांना वाटलं.

१८ एप्रिल २०१६. कॉलरचा शेवटचा सिग्नल. त्यानंतर काहीच नाही.

शोध झाला. कॅमेरे लावले, जंगलं पालथी घातली, आसपासच्या गावांत देवाला साकडं घातलं गेलं. विधानसभेत आणि दिल्लीत त्याच्या नावाने चर्चा झाली. जय सापडला नाही. मेला असेल तर देह नाही, जगला असेल तर फोटो नाही.

मराठीत हुकणं वेगळं आणि हरवणं वेगळं. हुकलेली लोकल पुढच्या स्टेशनवर असते, आपण फक्त तिच्यात नसतो. हरवलेली गोष्ट कुठेच नसते. सफारीवरून हिरमुसून परतताना आपण जे म्हणतो ते पहिल्या प्रकारातलं. वाघ असतो, आपण त्याच्यासमोर नसतो. जयच्या बाबतीत हे दोन शब्द एकमेकांत मिसळले. त्याला न पाहिलेले हजारो लोक आजही म्हणतात, ‘आमचा जय हुकला.’ खरं तर आपण ज्याला हुकलो असं म्हणतोय, तो हरवलाय.

त्याच्या मुलाचं काय झालं हे मात्र कळलं. श्रीनिवास नावाचा त्याचा बछडा मोठा होऊन चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडच्या बाजूला गेला. त्यालाही कॉलर होती. एप्रिल २०१७ मध्ये शेताच्या तारांत सोडलेल्या विजेचा शॉक बसून तो मेला आणि पुरून टाकण्यात आला. पिकात घुसणाऱ्या जनावरांसाठी लावलेली ती तार होती. जयसुद्धा असाच गेला का? पुरावा नाही. पण या भागात हा प्रश्न विचारला, की लोक एकदम रस्त्याकडे बघायला लागतात.

सगळ्यांच्याच नशिबी हे येतं असंही नाही. यवतमाळच्या टिपेश्वरमधून २०१९ मध्ये निघालेला एक तरुण वाघ तेलंगणात शिरून, वळणं घेत, हजाराहून जास्त किलोमीटर तंगडतोड करून डिसेंबरमध्ये बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलरमुळे त्याचा अख्खा प्रवास नकाशावर उमटला. शेतं, नाले, हायवे, वस्त्या सगळं पार करून. त्याचं नाव पडलं ‘वॉकर’. वाघाला व्हिसा लागत नाही, मधली वाट मात्र लागते. पेंचजवळ नागपूर-जबलपूर हायवेखाली जनावरांसाठी मोठाले भुयारी मार्ग बांधले, तेव्हा लोक हसले होते. वाघ काय पाटी वाचून खालून जाणार? कॅमेऱ्यांत वाघ, रानकुत्रे, चितळं, सगळे खालून जाताना दिसले. वर आपण ऐंशीच्या स्पीडने ‘वाघ दिसेल का’ म्हणत जात असतो आणि तो बरोबर खाली असतो.

‘आमचा रोजच हुकते!’

कोक्याहून परत येताना रस्त्यालगत मोह वेचणाऱ्या तीन बाया भेटल्या. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात आणि ऊन चढायच्या आत ती वेचावी लागतात. त्यामुळे या दिवसांत झाडीपट्टीतली कितीतरी घरं अंधारातच जंगलात असतात. टोपली, गडू आणि कमरेत वाकून काम. धोकाही यातच. वाकलेल्या माणसाची आकृती वाघाला माणसासारखी वाटत नाही, चार पायांच्या सावजासारखी वाटते, असं वन खात्याचे लोक सांगतात. म्हणून एकटं जाऊ नका, बोलत राहा, असं पुन्हा पुन्हा बजावलं जातं.

मी तोच शहरी प्रश्न टाकला. वाघ दिसतो का हो?

त्यातल्या वयस्कर बाई कंबर सरळ करून म्हणाल्या, “आमचा तं रोजच हुकते, ताई. देवाची किरपा.”

तिघीही हसल्या. मीही हसले. मग त्यांच्यातल्या धाकटीने सांगितलं, की मागल्या हंगामात पलीकडच्या गावात एक माणूस मोह वेचताना गेला. तिने हे वाक्य ज्या आवाजात सांगितलं, त्याच आवाजात ती पुढे म्हणाली, “पण मोह तं वेचाच लागते.”

आपल्या भाषेत वाघ हुकणं म्हणजे पैसे वाया. त्यांच्या भाषेत वाघ हुकणं म्हणजे संध्याकाळी सगळे घरी. दोन्ही माणसं एकाच जंगलाच्या एकाच रस्त्यावर, तासाभराच्या अंतराने. आपण सहा हजारांची सफारी करून आणि ‘बॅड लक’ म्हणून परततो, तेव्हा या बायांना विचारलं तर त्या म्हणतील, चांगलाच दिवस होता.

वरठीजवळच्या एका शेतकरी दादांनी रानडुकरांनी लोळून टाकलेली धानाची बांधी मला दाखवली. एका रात्रीत अर्धी बांधी आडवी. भरपाईचे कागद, पंचनामा, हेलपाटे, हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. तारेत वीज सोडणारे चूक करतात, हे त्यांनी स्वतःहूनच म्हटलं. “पण ताई, वाघ तुमचा आणि डुक्कर आमचा, असं कसं चालन?” मला उत्तर देता आलं नाही. वाघ जगवायचा तर डुक्कराने खाल्लेल्या धानाचा हिशोब वेळेवर चुकता व्हायला हवा, इतकं साधं गणित आहे. ते वेळेवर होत नाही तिथे तार लागते. आणि तारेला जय-वीरू, डुक्कर, श्रीनिवास असला फरक कळत नाही.

दिसलाच पाहिजे!

आता दुसरं टोक. ३१ डिसेंबर २०२४. न्यू इयरची गर्दी. उमरेड-पवनी-करांडल्याच्या गोठणगाव भागात ‘एफ टू’ नावाची वाघीण पाच बछड्यांना घेऊन रस्त्यावर आली. दोन्ही बाजूंनी जिप्स्या लागल्या आणि तिची वाटच अडली. मागे गाड्या, पुढे गाड्या, मधे आई आणि पोरं. पर्यटकांच्याच मोबाइलमधले व्हिडिओ बाहेर आले आणि राज्यभर संताप झाला. गाइड आणि चालकांवर कारवाई झाली, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि या भागातल्या सफारींत मोबाइल नेण्यावर बंदी आली.

त्या दिवशी कुणाचाही वाघ हुकला नाही. सगळ्यांना सहा-सहा दिसले. पैसे वसूल!

गाइडला शिव्या घालणं सोपं आहे. पण त्याला ‘भाऊ, अजून थोडी पुढे घ्या ना’ म्हणणारे कोण? वाघ दिसला तर टिप आणि नाही दिसला तर तोंड वाकडं करणारे कोण? माझ्या गाइडला मी विचारलं, न दिसल्यावर लोक काय म्हणतात? तो म्हणाला, “काही नाही जी. बोलतच नाहीत.” ज्या दिवशी वाघ दिसत नाही, त्या दिवशी या पोरांना परतीच्या रस्त्यावर कुणी एक शब्द बोलत नाही. एवढ्यानेही एखादा पुढच्या वेळी जिप्सी दोन हात पुढे घालू शकतो.

आता एक पक्षी

वाघ राहू द्या. माझ्या यादीत दुसरं नाव होतं सारस. जवळजवळ माणसाएवढा उंच, लाल डोक्याचा, राखाडी अंगाचा. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सगळ्यात उंच. जन्मभर जोडीने राहतो, म्हणून लग्नपत्रिकांत त्याला फार मान! उत्तर प्रदेशचा तो राज्यपक्षी. महाराष्ट्रात मात्र तो उरलाय प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यात, थोडेसे भंडाऱ्यात. सगळे मिळून तीस-चाळीसच्या आसपास. म्हणजे राज्यातले सगळे सारस बसवायला एक एसटी पुरेल.

वरठीहून गाडीत बसलं की तुमसर रोड, तिरोडा आणि मग गोंदिया. तिथून परसवाडा, झिलमिलीच्या तलावांकडे. मी एका संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी तलावाकाठी बसले. तलाव म्हणजे मालगुजारांच्या काळात बांधलेले, या भागाचं सगळं धान ज्यांच्यावर पिकलं ते. बदकं दिसली, खंड्या दिसला, जाळं फेकणारे ढीवर बांधव दिसले. सारस दिसला नाही. एकाने दूर बांधीकडे बोट करून सांगितलं, “सकाळी होती जोडी. आता उडाली.” पुढच्या जिप्सीचं हेच पाखरू-व्हर्जन!

पण इथे मला कोक्यासारखं हलकं वाटलं नाही. वाघ हुकला तर पुढच्या वर्षी येऊ, असं म्हणता येतं. तीस-चाळीसांच्या बाबतीत तसं म्हणायला जीभ रेटत नाही. सारस घरटं करतो ते पावसाळ्यात, धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या उथळ काठावर. म्हणजे त्याचं घर कुणाच्या तरी सातबाऱ्यावर. कीटकनाशकं, बुजणारे तलाव आणि मोठ्या दाबाच्या विजेच्या तारा, हे त्याचे शत्रू. गोंदियाच्या सेवा संस्थेची मंडळी दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी गावकऱ्यांना बरोबर घेऊन सारस मोजतात, शेतकऱ्यांना घरट्याभोवतीचं धान उभं ठेवायला राजी करतात. २०२१ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सारसांसाठीही स्वतःहून याचिका दाखल करून घेतली. ज्या शेतात अंडी आहेत तिथला शेतकरी रोज कुत्री हाकलतो, पोरांना लांब ठेवतो. त्याचा फोटो कुठल्या ट्रॅव्हल पेजवर येत नाही. पण महाराष्ट्रात सारस ‘हुकलेला’ आहे, ‘हरवलेला’ नाही, याचं बरंचसं श्रेय त्याचं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी जंगलातून आलं, की ‘वाघ दिसला?’ विचाराच. त्यात काही गैर नाही, आपल्याला तो बघायचाच आहे. फक्त उत्तर ‘नाही’ आलं तर एक प्रश्न आणखी विचारा, ‘पण आहे ना?’ त्याचं उत्तर ‘आहे’ असेल, तर कॉफी तुमच्याकडून.

कसं जाल? मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस, पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस. तिकिटावर ‘भंडारा रोड’ लिहा, उतराल वरठीत. विमानाने नागपूर आणि तिथून रस्त्याने भंडारा साधारण साठ किलोमीटर.

कधी जाल? पावसाळ्यात सफारी बंद असते. हिवाळ्यात पक्षी आणि तलाव, मार्च ते मे पाणवठे. दिवाळीनंतर गेलात तर गावोगावची मंडई आणि रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटकं चुकवू नका. ती हमखास दिसतात!

बुकिंग : सफारीचं बुकिंग वन विभागाच्या वेबसाइटवरून आधीच करा. गेटवर मोबाइलबद्दलचे नियम विचारून घ्या आणि पाळा.

काय न्याल? दुर्बीण, टोपी, भरपूर पाणी, मळखाऊ रंगाचे कपडे. आणि एक वही. अर्धी टिक चालते.

काय कराल? वाघ नाही दिसला तरी गाइडशी परतीच्या रस्त्यावर बोला. टिप तेवढीच द्या, जेवढी वाघ दिसल्यावर दिली असती.